मोडकळीला आलेले पुस्तक घरी पुन्हा बांधताना

कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेलेली पुस्तके बहुतेकदा एकाच कारणाने तिथे गेलेली असतात: वाचायला घेतली की सुटतात. पाठ उसवलेली पोथी, पिना गंजलेले दिवाळी अंक, आजीच्या हातची पाककृतींची वही. रद्दीत टाकवत नाहीत, आणि बाजारात बांधायला द्यायची तर धास्ती वाटते. ती धास्ती रास्त आहे. घाईच्या बाइंडिंगमध्ये पुस्तकाच्या पाठीलगत दाभणाने आरपार भोके पाडून आडवी शिलाई मारतात आणि मग उरलेल्या तिन्ही बाजू कटिंग मशिनखाली देतात. पुस्तक भक्कम होते, पण टेबलावर उघडे म्हणून राहत नाही. आतला समास शिलाईत जातो. बाहेरचा समास, आजोबांनी त्यावर पेन्सिलीने केलेल्या टिपणांसकट, मशिनच्या पात्याखाली जातो.

हे काम घरी करता येते. रोज संध्याकाळचा तासभर काढला, तर आठवड्याभरात एक पुस्तक उभे राहते. जागा लागते ती जेवणाच्या टेबलाएवढी. एकच नियम मात्र सुरुवातीपासून पाळायचा: जे उद्या पाण्याने सोडवता येईल, तेच आज छापील पानाला लावायचे. आपल्यानंतर हे पुस्तक पुन्हा कधीतरी कुणीतरी दुरुस्त करणार आहे, त्याची वाट आपण बंद करायची नाही. पुढची जवळजवळ प्रत्येक सूचना या नियमातून आली आहे.

आधी दुखणे ओळखा

कात्री हातात घेण्याआधी पुस्तकाचे फोटो काढा: मुखपृष्ठ, पाठ, आतले सांधे, सुटलेली पाने. मग पाने क्रमाने मोजा. आकडा नसलेल्या पानांवर वरच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने अगदी फिका आकडा घाला. सुटी पाने एकदा टेबलावरून उडाली की चित्रांची पाने कुठली, हे नंतर कळत नाही.

आता पुस्तक वरच्या बाजूने, पाठीच्या टोकाशी बघा. पाने दुमडून एकात एक घातलेले गठ्ठे दिसले, तर पुस्तक फर्म्यांचे आहे. आठ किंवा सोळा पानांचा एक फर्मा, आणि असे फर्मे दोऱ्याने एकमेकांना शिवलेले. ही सगळ्यात सुदैवाची स्थिती, कारण असे पुस्तक मूळ होते तसे पुन्हा शिवता येते. गठ्ठे न दिसता सुट्या पानांची सपाट कड आणि त्यावर गोंदाचा थर दिसला, तर ते नुसते चिकटवलेले आहे. अलीकडचे जाडजूड दिवाळी अंक बहुधा असेच असतात. बारीक अंक आणि शाळेच्या वह्या मधोमध पिना मारलेल्या असतात.

शिलाई शाबूत आहे आणि फक्त पुठ्ठा सैल झाला आहे, अशी पुस्तके तर पुष्कळच निघतात. ती अजिबात उसवू नका. लोकर विणायच्या लांब सुईला पांढरा गोंद (फेव्हिकॉलसारखा) लावा, पुस्तक उभे धरून ती सुई पुठ्ठा आणि पाठ यांच्यामधल्या सांध्याच्या पोकळीत वरून खाली फिरवा, दुसऱ्या बाजूलाही तसेच करा. पुस्तक मिटा, बाहेरून दोन्ही सांध्यांच्या खाचेत एकेक कोरडी सुई बसवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. दहा मिनिटांचे काम आहे. यातला गोंद पुठ्ठा आणि अस्तर (पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला कोरा कागद) यांच्यामध्ये राहतो, छापील पानापर्यंत जात नाही, म्हणून इथे तो चालतो.

शेवटची तपासणी कागदाची. मागच्या कोऱ्या पानाचा कोपरा हलक्या हाताने पुढे दुमडा, मग मागे दुमडा. दोन वेळा असे करताच तुकडा हातात आला, तर कागद शिवण्याच्या पलीकडे गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कागद चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागला आणि शाई पसरू नये म्हणून त्यात तुरटी आणि राळ पडू लागली. त्यातून तयार होणारे आम्ल कागदाला आतून खाते. म्हणून दोनशे वर्षांपूर्वीचे हातकागदावरचे दफ्तर अजून लवचीक असते आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीची कादंबरी बोटांत चुरते. अशा ठिसूळ पुस्तकाला सुई लावायची नाही. त्याचे काय करायचे ते शेवटी सांगतो.

खळ

या कामाचा जीव खळीत आहे, आणि ती करण्याची निम्मी विद्या आपल्या घरांत आधीच आहे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून जो चीक काढतात, तो तळाशी बसला की वरचे पाणी ओतून टाका आणि खालचा पांढरा थर उन्हात खडखडीत वाळवा. हे गव्हाचे सत्त्व. जगभरच्या ग्रंथालयांतले दुरुस्तीकार जुन्या कागदासाठी गव्हाच्याच सत्त्वाची खळ वापरतात. मैद्याचीही खळ होते, पण मैद्यात गव्हाचा चिकट अंश शिल्लक असतो. त्याने कागद ताठरतो, पुढे पिवळा पडतो आणि किडीला आवडतो. पुठ्ठ्याला मैदा चालेल, पानांना सत्त्वच.

दोन मोठे चमचे सत्त्व दहा चमचे पाण्यात अर्धा तास भिजू द्या. शक्य तर पाणी फिल्टरचे घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि लाकडी चमच्याने सतत ढवळा. आधी दुधट असलेले पाणी अचानक घट्ट होते. बहुतेक जण इथे गॅस बंद करतात आणि खळ कच्ची राहते. घट्ट झाल्यावरही पंधरा-वीस मिनिटे, तिला काचेसारखी अर्धपारदर्शक चकाकी येईपर्यंत शिजवा. लागल्यास चमचाभर पाणी घाला. पूर्ण गार झाल्यावर बारीक गाळणीतून दोनदा दाबून काढा. गाळल्याशिवाय वापरलेल्या खळीतली एकेक गुठळी कागदाखाली फोडासारखी कायमची दिसत राहते.

फ्रिजमध्ये ही खळ तीन-चार दिवस टिकते. वास बदलला किंवा पाणी सुटले की टाकून द्या आणि ताजी करा. पूर्वीचे बाइंडर खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. तुम्ही घालू नका. ते विषारी आहे, स्वयंपाकघरातल्या भांड्यात तर नकोच, आणि त्यातले तांबे कागद खराब होण्याचा वेग वाढवते.

बाकीचे साहित्य

दाभण किंवा टोच्या, गोधडी शिवायची जाड सुई, न ताणणारा मजबूत सुती दोरा, मधमाशीचे मेण, परकराची सपाट सुती नाडी (एक सेंटिमीटर रुंदीची), मलमलीचा तुकडा, दोन मिलिमीटर जाडीचा ग्रे बोर्ड (राखाडी पुठ्ठा), स्टीलची पट्टी, कटर, एक इंची ब्रश, बटर पेपर. घडी दाबायला चमच्याची मागची बाजू चालते. वजनाला कागदात गुंडाळलेल्या विटा किंवा पाटा. दोरा मेणावरून दोनदा ओढून घ्या. तो गुंतत नाही आणि टाका जागेवर धरून राहतो. बोर्ड आणि बाइंडिंगचे कापड पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या घाऊक दुकानांत मिळते. इतर गावांत छापखान्यात विचारले तर ते सांगतील. हातकागद हवा असेल तर पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे.

कागद आणि पुठ्ठा विकत घेताना एक गोष्ट तपासायचीच, ती म्हणजे तंतूंची दिशा. यंत्रावरच्या कागदात तंतू एका दिशेने झोपलेले असतात. कागद दुमडायला जिकडून सहज वळतो, ती घडी तंतूंना समांतर असते. ही दिशा नेहमी पुस्तकाच्या पाठीला समांतर हवी. कागद ओला झाला की तंतूंच्या आडव्या अंगाने फुगतो. दिशा चुकली तर पाठीजवळ लाटा उठतात, पुठ्ठा वाकतो आणि पुस्तक मिटत नाही.

बाजारातल्या ए-४ कागदात तंतू साधारणपणे लांब बाजूने असतात, त्यामुळे तो मधोमध दुमडून वही केली की दिशा चुकते. उपाय सोपा आहे. लांब तंतूंचा ए-३ कागद आणा, मधोमध कापा, आणि त्या अर्ध्या तुकड्यांच्या वह्या करा. दिशा आपोआप जुळते.

पहिले काम पिनांच्या वहीवर करा

आजीची वही किंवा बारीक दिवाळी अंक घ्या. वही मधोमध उघडा, पिनांचे पाय बोथट सुरीने सरळ करा आणि पिना बाहेरच्या बाजूने उचलून काढा. ओढू नका, गंजलेली पीन कागद घेऊन येते. गंजाचे डाग तसेच राहू द्या, त्यावर कोणतेही रसायन नको.

मधल्या घडीवर तीन भोके ठेवा: एक बरोबर मध्यावर, दोन टोकांकडे. जुनी भोके सोयीची असतील आणि फाटली नसतील तर तीच वापरा. आतून सुई मधल्या भोकातून बाहेर काढा, शेपटी चार बोटे आत ठेवा. वरच्या भोकातून आत या, मधले भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर जा, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत या. आता दोन्ही टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना हवीत. त्या टाक्यावर पक्की गाठ मारा. झाले. पिनांपेक्षा हे कितीतरी टिकते, कारण दोरा गंजत नाही.

फाटकी पाने

शिवण्याआधी पाने सांधा, नंतर हात आत जात नाही. यासाठी पातळ लांब तंतूंचा कागद लागतो. जपानी कोझो टिश्यू, साधारण दहा जीएसएमचा (चौरस मीटरला दहा ग्रॅम वजनाचा), ऑनलाइन मिळतो. पट्टी कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढून त्या रेघेवर फाडा, म्हणजे कडेला तंतू मोकळे राहतात आणि पानावर उंचवटा येत नाही. खळ पाण्याने सैल करा, पट्टीला हलकीशी लावा, जास्तीची कोऱ्या कागदावर टिपून घ्या, फाटक्या जागेवर ठेवा. वर-खाली बटर पेपर, त्याबाहेर टिपकागद, वर वजन. पंधरा मिनिटांनी टिपकागद बदला. दुमडलेला फर्मा घडीवरच फाटून दोन पाने झाली असतील, तर अशाच पट्टीने आतल्या बाजूने ती जोडा. ही जोडणी शिलाईचा ताण घेते.

सेलोटेप कधीच नाही. काही वर्षांत तिचे प्लॅस्टिक सुटते आणि चिकट द्रव्य कागदात मुरून तपकिरी पट्टा उरतो, तो काढता येत नाही. जुनी टेप आधीच लावलेली असेल आणि आपसूक सुटत असेल तर सुटू द्या. घट्ट असेल तर हेअर ड्रायरची मंद ऊब देऊन एका कोपऱ्यातून बघा, पान सोलायला लागले की थांबा. लॅमिनेशनबद्दल माझे मत याहून कडक आहे. जन्मपत्रिका, प्रमाणपत्रे, आजोबांची पत्रे लोक प्रेमाने लॅमिनेट करतात, आणि त्या कागदाला पुन्हा हात लावण्याची सोयच संपते.

फर्म्यांची शिलाई

जुना दोरा प्रत्येक फर्म्याच्या मधोमध कापा, पाठीवरचा जुना सरस ओलसर खळ लावून मऊ करा आणि बोथट सुरीने खरवडा. फर्मे एकेक करून सुटे करा, क्रमाने ठेवा, रात्रभर वजनाखाली सपाट होऊ द्या.

साधारण ए-५ आकाराचे, २१० मिलिमीटर उंचीचे पुस्तक धरू. पुठ्ठ्याच्या पट्टीवर वरून १५, ६०, ७२, १३८, १५० आणि १९५ मिलिमीटरवर खुणा करा आणि त्या खुणांवर प्रत्येक फर्म्याच्या घडीला आतून बाहेर भोके पाडा. ६० आणि ७२ यांच्यामध्ये एक नाडी बसणार, १३८ आणि १५० यांच्यामध्ये दुसरी. आकार वेगळा असेल तर याच प्रमाणात मोजा. मोठ्या पुस्तकाला तीन नाड्या.

नाड्यांचे तुकडे टेबलाच्या कडेला उभे चिकटवा, प्रत्येकी पाठीच्या जाडीपेक्षा आठ सेंटिमीटर जास्त लांब. पहिला फर्मा कडेला टेकवून ठेवा. १५ च्या भोकातून आत शिरा, बाहेर शेपटी ठेवा. ६० मधून बाहेर, नाडीवरून, ७२ मधून आत. १३८ मधून बाहेर, नाडीवरून, १५० मधून आत. १९५ मधून बाहेर. दुसरा फर्मा वर ठेवा, त्याच्या १९५ मधून आत जाऊन उलट वाटेने १५ पर्यंत या आणि शेपटीशी पक्की गाठ मारा. तिसरा फर्मा पुन्हा १५ पासून १९५ पर्यंत. इथे बाहेर आल्यावर सुई खालच्या दोन फर्म्यांना जोडणाऱ्या टाक्याखालून फिरवा, तयार झालेल्या फाशातून काढा आणि ओढा. तिसऱ्यापासून पुढे प्रत्येक फर्म्याच्या शेवटी हीच गुंफण करायची. तीच फर्म्यांना एकमेकांशी धरून ठेवते.

दोरा नेहमी पाठीला समांतर, सुई ज्या दिशेने चालली आहे तिकडेच ओढा. उलट दिशेने किंवा वर उचलून ओढला तर घडी चिरते. किती घट्ट? टाका सपाट बसला पाहिजे, कागदात रुतला नाही पाहिजे. दोरा जाड निवडला तर प्रत्येक फर्म्याच्या घडीत त्याची जाडी साठत जाते आणि पाठ फुगून पुस्तक पाचरीसारखे दिसते. पंधराच्या वर फर्मे असतील तर दोरा बारीक घ्या.

पाठ, अस्तर, पुठ्ठे

शिवलेला गठ्ठा पाठीवर आणि वरच्या कडेवर ठोकून चौकोनी करा. पुढे-मागे एकेक दुमडलेला कोरा कागद घडीजवळ तीन मिलिमीटर खळ लावून चिकटवा, हे अस्तर. मग गठ्ठा दोन फळ्यांमध्ये वजनाखाली, पाठ किंचित बाहेर ठेवून, पाठीवर दह्याइतकी दाट खळ फर्म्यांच्या फटींत चोळा. वाळल्यावर मलमल लावा, दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर बाहेर राहील अशी, आणि त्यावर कागदाची पट्टी. इथे कटिंगचा मोह आवरा. कडा थोड्या वरखाली दिसल्या तरी चालेल, समास वाचला पाहिजे.

पुठ्ठ्याची उंची पानांपेक्षा ६ मिलिमीटर जास्त, रुंदी पानांपेक्षा ४ मिलिमीटर कमी. पाठीची पट्टी गठ्ठ्याच्या जाडीत दोन्ही पुठ्ठ्यांची जाडी मिळवून, म्हणजे आणखी ४ मिलिमीटर. पाठ आणि पुठ्ठा यांच्यामध्ये दोन्हीकडे ७ मिलिमीटर मोकळी जागा सोडा. पुस्तक याच जागेत वळते, ती कमी पडली तर पुठ्ठा उघडताना पहिली पाने खेचली जातात.

वरून कापड कोणतेही सुती चालेल. आईच्या जुन्या सुती साडीचा किंवा खणाचा तुकडा पाककृतींच्या वहीला फार शोभतो. पण साध्या कापडातून गोंद वर झिरपतो, म्हणून आधी त्याला कागदाचे अस्तर द्या: स्वयंपाकाच्या स्वच्छ ओट्यावर कापड पालथे ओले करून सपाट पसरा, पातळ कागदाला खळ लावून त्यावर बसवा, मधून कडेकडे दाबा, वाळल्यावर सोला. पुठ्ठ्यांना कापड लावताना खळ आणि पांढरा गोंद निम्मा-निम्मा मिसळा. कडा दीड सेंटिमीटर आत वळवा. कोपरे तिरके कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून ३ मिलिमीटर कापड राखा, नाहीतर टोक उघडे पडते.

शेवटी गठ्ठा कव्हरात ठेवा, अस्तराखाली बटर पेपर सरकवा, मलमल आणि नाड्या चिकटवून अस्तराला खळ लावा, बटर पेपर काढा आणि पुठ्ठा वरून मिटवा. उघडून बघू नका. पालटून दुसरी बाजू करा, दोन्ही अस्तरांच्या आत कोरडा बटर पेपर ठेवा, सांध्यांत लोकरीच्या सुया बसवा, वजन ठेवा. एक पूर्ण दिवस तसेच राहू द्या. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नका; ओल सुटत नाही आणि खळीवर बुरशी धरते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सगळ्यात चांगले.

जुने मुखपृष्ठ, पाठीवरची नावाची पट्टी, दुकानाचे लेबल, 'चि. … हिस वाढदिवसानिमित्त' असे लिहिलेले पान, यातले काहीही टाकू नका. नव्या पुठ्ठ्यावर खळीने लावा किंवा आतल्या खिशात ठेवा.

चिकटवलेले जाड अंक

१९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा घातली, तेव्हापासून मराठी माणूस एका हंगामासाठी छापलेले अंक वर्षानुवर्षे जपतो आहे. चिकटवलेल्या अंकाच्या सुट्या पानांना खळ पुरत नाही, ती वाळून ताठ होते. नियमाला मी इथे एक अपवाद करतो. पाने नीट जुळवा, पाठीकडची बाजू दोन फळ्यांतून दोन सेंटिमीटर बाहेर ठेवा, पाने एका बाजूला कलती करा आणि पांढरा गोंद पातळ लावा. मग दुसऱ्या बाजूला कलती करून पुन्हा लावा. प्रत्येक पानाच्या कडेला जेमतेम एक मिलिमीटर गोंद जातो, पुढे कधी सोडवायचे झाले तर तेवढीच कड जाईल. सरळ करून मलमल लावा आणि दाबून ठेवा.

ठिसूळ झालेल्यांसाठी रुमाल

कोपरा तुटलेली ती पुस्तके आता घ्या. त्यांच्यासाठी आपल्याकडे जुनीच उत्तम रीत आहे. पोथी दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात बांधत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले असतात आणि अभ्यासक आजही रुमाल क्रमांक सांगून ते मागतात. धुऊन खळ काढलेले, रंग न जाणारे सुती कापड घ्या, पुस्तकाच्या आकाराचे दोन पुठ्ठे चांगल्या कागदात गुंडाळून वर-खाली ठेवा, चारही बाजूंनी कापड दुमडून नाडीने बांधा. कापड धूळ आणि उजेड अडवते, आणि ओल आत कोंडून ठेवत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र ती कोंडते. वाचायला हवे असेल तर एकदाच, नीट उजेडात, पान पान फोनने टिपून घ्या आणि नंतर तेच वाचा.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटे वारा खेळू द्या. कसर आणि वाळवी अंधार, ओल आणि शांतता शोधतात. वर्षातून दोनदा प्रत्येक पुस्तक काढून झटकले तर त्यांचा पत्ता वेळेत लागतो. बुरशी दिसली तर पुस्तक बाहेर नेऊन सावलीत कोरडे करा, तोंडाला मास्क लावा आणि मऊ ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसू नका.

काम झालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या अस्तरावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने तीन ओळी लिहा: महिना आणि वर्ष, काय बदलले, आणि कुठे खळ व कुठे गोंद वापरला.